फेस्टीची यादी आली नव्हती

बुधवारी दुपारी चार वाजायला आले तशी डेलिया रुआनची नजर पुन्हा दाराकडे गेली, आणि पुन्हा तिने स्वतःला दटावलं. येणार नाही असं चारचौघांत सांगून गेलेल्या माणसाची वाट कसली बघायची! तिने फडकं उचललं आणि आधीच लख्ख असलेला आपल्या पबाचा काउंटर पुन्हा पुसायला घेतला.

पण सवय कुठे जाते? गेली बावीस वर्षं चारच्या ठोक्याला ते दार उघडायचं आणि फेस्टी मॅलॉय आत यायचा. दलदलीकडच्या घरापासून दोन मैल चालत. टोपी काढायची, शेकोटीशेजारच्या बाकावर बसायचं, बिअरचे दोन पाइंट प्यायचे. बाहेर पाऊस असेल तर तिसरा, आणि क्लूनबॅरी गावात पाऊस कधी नसतो? बाई नाही, पोर नाही, भाऊ इंग्लंडात वारला. घरी एक कुत्री, आणि इथे हा बाक. एवढाच त्याचा संसार.

"बघू नकोस गं सारखी," गस लॅवेल म्हणाला. "गिऱ्हाईक गेलं म्हणून एवढं तोंड पाडायचं?"

"तुझ्या तोंडाला कुलूप घाल आणि चहा पी."

गस दात काढून हसला. हा निवृत्त बस ड्रायव्हर. उभं आयुष्य प्रवाशांना चिडवण्यात गेलेलं, आता पबातल्या माणसांवर हात साफ करायचा. गाडी घेऊन आला की मात्र थेंबाला शिवायचा नाही, चहाचा मग घेऊन बसायचा. एवढं एक त्याचं बरं होतं.

"पाच दिवस झाले," तो म्हणाला. "मानलं बुवा म्हाताऱ्याला! मी तर म्हटलं होतं, रविवारच्या जेवणापर्यंतसुद्धा दम निघायचा नाही."

ते तू नाही, मी म्हटलं होतं, असं डेलियाच्या अगदी ओठांवर आलं. तिने गिळलं.

झालं होतं असं. शुक्रवारी, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, पब गच्च भरला होता. नोव्हेंबर लागला की इथे पुष्कळ लोक महिनाभर पीत नाहीत. महिना मृतांचा, त्यांच्या आत्म्यांसाठी एवढं सोडायचं, अशी जुनी रीत. फेस्टीने दारू आजवर कधी सोडली नव्हती. त्या संध्याकाळी काय मनात आलं कोण जाणे, म्हणाला, आई सोडायची, यंदा मीही सोडीन म्हणतो. गसने लगेच टाळ्या वाजवून सगळ्या पबाला ऐकवलं. आणि डेलिया? सकाळपासून पायावर उभी, हातात चार ग्लास, डोकं दुखतंय. तीही बोलून गेली, "तू? रविवारच्या जेवणापर्यंत टिकलास तर मी पब विकून मठात जाईन!"

सगळा पब खो खो हसला. फेस्टी हसला नाही. त्याची मान, कान, कपाळ, सगळं लालबुंद झालं. अर्धा भरलेला ग्लास त्याने तसाच ठेवला. फेस्टीने ग्लास अर्धा टाकल्याचं कोणी कधी पाहिलं नव्हतं. "मग माझं तोंड दिसायचं नाही तुम्हाला," म्हणाला, आणि दार आपटून गेला.

डेलियाला तेव्हाच वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की माणूस जास्तच करायला जातो, तसं तिने केलं. काउंटरवर हात आपटून सगळ्यांना बजावलं, "ऐका! बोलला आहे तर त्याला करू द्या. त्याच्या घराकडे कोणी फिरकायचं नाही. गाडीत घेणं नाही, वाटेत थांबवणं नाही, सहज आलो म्हणून डोकावणं नाही. जो जाईल त्याला माझ्या पबात पाणीसुद्धा मिळणार नाही."

तशी ती रीतच होती. दारू सोडलेल्या माणसाच्या दारात पबातल्या माणसाने जाऊ नये. त्याच्या शब्दाची लाज राखावी. आणि पबवालीने तर मुळीच नाही. गिऱ्हाईक ओढायला आली म्हणतील! सगळ्यांनी माना डोलावल्या. भली माणसं ती, सगळ्यांनी पाळलंही.

दार उघडलं. डेलियाने झटकन वर पाहिलं, पण आत आली ती कॉन्सेप्टा. चर्चचं झाडणं-पुसणं, फुलं, मेणबत्त्या सगळं बघणारी बाई. काखेत बुटाचं एक जुनं खोकं. ते तिने काउंटरवर ठेवलं आणि धापा टाकत बसली.

"चहा दे बाई. एकशे चाळीस पाकिटं गोळा झाली. आज संध्याकाळी फादर वेदीवर ठेवणार, म्हणून एकदा ताडून बघतेय."

ती मृतांच्या नावांची पाकिटं. दर नोव्हेंबरात प्रत्येक घर आपल्या गेलेल्या माणसांची नावं कागदावर लिहून देतं, आणि महिनाभर त्यांच्यासाठी प्रार्थना होते. डेलियाने आपलं पाकीट शनिवारीच दिलं होतं.

"सगळ्यांची आली?" तिने किटली उचलत सहज विचारलं.

"बहुतेक. तुझ्या त्या फेस्टीचं तेवढं नाही. शहाणा दारू सोडून बसला आणि मेलेल्यांना विसरला."

डेलियाच्या हातातली किटली तशीच राहिली.

फेस्टी विसरणं शक्य नव्हतं. आई, बाप, भाऊ मायकल, आणि जन्मल्या दिवशीच गेलेली बहीण, जिचं नाव आता जगात त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. दर वर्षी नोव्हेंबरच्या दोन तारखेला तो पब उघडायच्या आधी मागच्या दाराने यायचा, आणि स्वयंपाकघरात बसून डेलिया ती नावं लिहायची. कारण फेस्टीला लिहिता येत नव्हतं. वाचताही येत नव्हतं. पेपर हातात धरून बसायचा, पान उलटायचा, पण ते सगळं लोकांना दाखवायला. ही गोष्ट फक्त डेलियाला ठाऊक होती आणि तिने ती नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती.

दारू सोडलेला फेस्टी पबात आला नसता, कबूल. पण मागच्या दाराने, सकाळी, यादी लिहायला? तिच्यावर कितीही राग असता तरी आला असता. आणि आपण काय समजलो? रविवारी आला नाही तेव्हा म्हटलं, फुगलाय. जाऊ दे, कोणाकडून तरी घेईल लिहून. कोणाकडून? कोणाकडून घेणार होता तो? एवढी कशी मी बिनडोक!

"गस," ती म्हणाली, "गाडी काढ."

"कुठे?"

"फेस्टीकडे."

गस हसला. "अगं, नियम तूच केलास ना? एक महिना धीर धर. इतकी का आतुर झालीस म्हाताऱ्यासाठी?"

"गस, चेष्टा नको. काहीतरी झालंय त्याला."

"काही झालेलं नाही. बसला असेल शेकोटीशी, तुझ्या नावाने बोटं मोडत. आता तू दारात उभी राहिलीस तर काय म्हणेल? म्हणेल, आली माझा शब्द मोडायला! सगळ्या गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही त्याला. आणि तुलाही."

डेलियाने परवा आणि काल गुपचूप दोनदा फोन लावला होता. बंद होता. पण तो नेहमीच बंद असायचा; फेस्टी फोन झिजू नये म्हणून बंद ठेवायचा. तिला गाडी चालवता येत नव्हती. नवरा होता तेव्हा गरज पडली नाही, तो गेल्यावर हिंमत झाली नाही. आणि दोन मैल चालत जायचं तर वाटेत अंधार पडला असता. ती काउंटरच्या बाहेर आली, गसच्या कानाशी वाकली. बावीस वर्षं जपलेली गोष्ट सांगताना तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

"त्याला लिहिता येत नाही, गस. यादी दर वर्षी मी लिहिते. यंदा आलाच नाही."

गसने चहाचा मग खाली ठेवला. त्याचा चेहरा बदलला.

"मला माहीत आहे," तो हळूच म्हणाला. "शाळेत सहा वर्षं एका बाकावर बसलोय आम्ही. त्याचं सगळं मीच लिहायचो." मग त्याने वर पाहिलं. "म्हणजे यादी कोणी... कोणीच लिहिली नाही?"

"तेच सांगतेय ना मघापासून!"

गस उठला तो खुर्ची पाडूनच.

"कॉन्सेप्टा, पब सांभाळ," डेलिया ओरडली. कॉन्सेप्टाने जन्मात दारूला हात लावला नव्हता. ती "अगं पण मला यातलं..." म्हणेपर्यंत दोघं बाहेर पडली होती.

रस्ता जेमतेम एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना काळं पाणी साचलेली दलदल. उजेड उतरत चालला होता. गस गाडी अशी हाकत होता की डेलियाने दोन्ही हातांनी सीट धरून ठेवली होती. पण तिला खरी भीती वाटली ती त्याच्या गप्प बसण्याची.

"बोल ना काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"नेहमी नको तेवढं बोलतोस, आता विचारतोस काय बोलू?"

गसने ओठ आवळले. एका वळणावर तो म्हणाला, "शनिवारी रात्री गोठलं होतं ना पाणी?"

"हो."

"आणि काल?"

"कालही." डेलियाच्या डोळ्यांत पाणी आलं. "गस, मी सगळ्यांसमोर हसले रे त्याला. एवढ्या लोकांत. आणि वर सगळ्यांना त्याच्या दारात जायला बंदी केली."

"तू एकटी हसली नाहीस," गस म्हणाला.

फाटक लागलेलं होतं. आत पन्नास पावलांवर ते बुटकं घर. धुराड्यातून धूर नव्हता. नोव्हेंबरात, संध्याकाळी, आणि धूर नाही! फाटकाची कडी गारठून घट्ट बसली होती, हलेना. डेलिया वरून ओलांडून गेली. साठाव्या वर्षी, पबातल्या सपाता घालून. आतून कुत्री भुंकली नाही. नखांनी दार खरवडल्याचा तेवढा आवाज आला.

"फेस्टी!"

काही नाही.

तिने दाराची खिटी उचलली. दार आत थोडं सरकलं आणि अडलं. फटीतून कुत्रीचं नाक बाहेर आलं. डेलियाने खांदा लावला. अडलेली खुर्ची फरशीवर घासत मागे सरकली, आणि तिला फेस्टी दिसला.

तो चुलीच्या आणि टेबलाच्या मधल्या जागेत एका कुशीवर पडला होता. अंगावर जाड ओव्हरकोट, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या, पायात चालायचे बूट, डोक्यावर टोपी. एक पाय नको तसा बाहेर वळलेला. तोंडाजवळ कुत्रीचं पाण्याचं भांडं, कोरडं ठणठणीत. गालाचं हाड कातडीतून वर आलं होतं.

मेला, असं तिला वाटलं. आपण मारला.

मग त्याचा डोळा हलला.

"जिवंत आहे!" ती केवढ्यानं ओरडली ते तिला कळलं नाही. "गस! जिवंत आहे! अँब्युलन्स बोलाव!"

गस दारापर्यंत आला, आत एकदा पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवून मागे फिरला. घरात फोनला रेंज नव्हती. तो फाटकाशी जाऊन पत्ता ओरडून सांगत असल्याचं तिला ऐकू येत होतं. तिने पलंगावरच्या दोन्ही रजया ओढून आणल्या आणि फेस्टीच्या अंगावर घातल्या, चमच्याने पाणी त्याच्या ओठांना लावलं. ओठ फुटून काळे पडले होते. पहिले दोन चमचे तसेच ओघळले. तिसरा त्याने गिळला.

"हळू. हळू रे बाबा. हलू नकोस."

"खुर्चीवरून..." त्याचा आवाज वाळक्या पानासारखा लागला. "वरच्या फळीवरची छत्री काढत होतो. शनिवारी."

शनिवार! डेलियाने त्या ओव्हरकोटाकडे, बुटांकडे नव्याने पाहिलं. "कुठे निघाला होतास?"

"तुझ्याकडे." त्याने डोळे मिटले. "माफी मागायला. नुसती. पिणार नव्हतो."

तिने आणखी एक चमचा दिला. निम्मं पाणी त्याच्या कॉलरवर सांडलं. कुत्री मधे मधे येऊन त्याची हनुवटी चाटत होती.

"चार दिवस कोणीच आलं नाही," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. विचार करकरून दमलेल्या माणसाचं बोलणं होतं ते. "मी म्हटलं, एवढं काय केलं मी यांचं? एक ग्लास टाकून गेलो, एवढंच ना. पण एवढे रागावले, म्हणजे काहीतरी वाईट बोललो असणार. आठवायचा किती प्रयत्न केला."

"फेस्टी, अरे..."

"रविवारी गाडी आली होती. फाटकाशी थांबली. मी हाका मारल्या, खूप मारल्या. आत रेडिओ लावला होता, मॅच चालली होती. बराच वेळ उभी होती. मग गेली." त्याने डोळे उघडले. "तेव्हा म्हटलं, बघायलाही आत येत नाहीत, म्हणजे आता संपलं."

डेलियाने मान वर केली. गस दारात उभा होता. हातात फोन, चेहरा पांढराफटक. त्या चेहऱ्याकडे पाहून तिला सगळं समजलं. गाडीत तो का गप्प होता तेही समजलं. तिच्या मनात आलं, सांगावं, कोणी परका असेल, वाट चुकलेला असेल. तिने तोंड उघडलंही.

"माझी होती," गस म्हणाला.

तो आत आला नाही. उंबऱ्यावरच उभा राहून बोलत राहिला, भराभर, कोणी मधेच थांबवेल अशा घाईने. "माझीच होती गाडी. काय करतोस बघावं म्हणून आलो होतो. मग म्हटलं, आत गेलो तर म्हणशील, आला गस मला मोडायला, गावभर चिडवायला. म्हणून नाही आलो. इंजिनसुद्धा बंद केलं नाही मी. रेडिओ मोठा होता रे. मला ऐकू नाही आलं. देवाशपथ ऐकू नाही आलं."

फेस्टी त्याच्याकडे बघत राहिला.

"त्याला नको बोलूस," डेलिया म्हणाली. "मी बजावलं होतं सगळ्यांना. कोणी इकडे फिरकायचं नाही म्हणून मीच सांगितलं होतं. तू गेल्या गेल्या, सगळ्या पबासमोर."

"का?"

"तू शब्द दिला होतास म्हणून. तो तुझ्याकडून मोडू नये म्हणून." आता ती रडत होती आणि ते लपवायची तिला गरज वाटत नव्हती. "मी तुला हसले, त्याची मला लाज वाटली. निदान आता तुला कोणी त्रास देऊ नये, असं वाटलं मला. भलं करायला गेले रे मी तुझं."

फेस्टीने हे सगळं नीट समजून घेतलं. त्याला वेळ लागला.

"म्हणजे तुम्ही रागावला नव्हतात?"

"तुझ्यावर कोण रागावणार, मूर्खा!"

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही. रोज तुझंच कौतुक चाललं होतं तिथे. हा गससुद्धा आज मानलं म्हणाला तुला."

चार दिवस खुब्याचं हाड मोडून, थंडीत, कुत्रीचं पाणी पिऊन तो पडला होता, आणि नंतर डॉक्टरांना त्याने सांगितलं की तेवढ्यात तो एकदाही रडला नाही. आता मात्र त्याचं तोंड वाकडं झालं, आणि डोळ्यांतून पाणी नाकावरून फरशीवर टपकायला लागलं. त्याने रजईखालून हात काढून डेलियाची बाही धरली. ती त्याच्याजवळ फरशीवरच बसली आणि त्याची टोपी काढून तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

अँब्युलन्सला अजून वीस मिनिटं लागणार होती. गस अजून उंबऱ्यावरच होता. ना आत येववत होतं त्याला, ना जाववत होतं.

"गस," फेस्टी म्हणाला.

"काय रे?"

"तुझं इंजिन चालू आहे. बंद कर आणि आत ये."

गस वळून पळाला. फाटकाशी जाऊन त्याने किल्ली फिरवली, आवाज थांबला. फेस्टी डोळे न मिटता दाराकडे बघत राहिला, गस परत आत येईपर्यंत.